अटकेची नोंद कोठे सापडते : ग्रामीण विदर्भातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

गावातील कोणाला तरी गाडीत बसवून नेले, एवढेच समजलेले असते. कोणी नेले, कशासाठी नेले आणि सध्या तो माणूस कोठे आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर पानठेल्यावर मिळत नाही. अशा वेळी बहुतेक जण जवळच्या पोलीस ठाण्यात जातात, ठाणे अंमलदाराने ‘आमच्याकडे असा कोणी नाही’ असे सांगितले की परत फिरतात, आणि पुढचे दोन दिवस ओळखीच्या पुढाऱ्याच्या दारात चपला झिजवतात. तालुका न्यायालयात विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मी हे पुष्कळदा पाहिले आहे. ठाणे अंमलदार प्रत्येक वेळी खोटे बोलत असतो असे मुळीच नाही. अनेकदा ती नोंद खरोखरच दुसऱ्या कार्यालयात असते. अटकेचे कागद माणसाबरोबर प्रवास करतात, ठाण्यातून न्यायालयात आणि न्यायालयातून कारागृहात जातात, आणि म्हणून शोध घेणाऱ्याने तो माणूस आज कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज आधी बांधला पाहिजे.

आधी नेणारा कोण ते ठरवा

गावात खाकी गणवेश दिसला की सर्वांनाच ‘पोलीस’ म्हटले जाते, आणि शोधाची पहिली चूक येथेच होते. वन अधिकाऱ्यांनाही भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांनुसार अटकेचे अधिकार आहेत, आणि ताडोबा, मेळघाट, पेंच किंवा नवेगाव-नागझिरा यांच्या आसपासच्या गावांत त्यांचा वापर नित्य होतो. रानडुकरासाठी वीजतारेचा सापळा लावल्याचा संशय असलेल्या इसमाला वनरक्षकांनी नेले असेल, तर त्याची पहिली नोंद वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात वनगुन्हा क्रमांकाने होते. त्या कागदाला तेथील कर्मचारी ‘पीओआर’ म्हणतात, आणि चौकशी करतानाही तोच शब्द वापरावा, म्हणजे समोरच्याला नेमके काय हवे ते लगेच कळते. मोहफुलांच्या दिवसांत एका कुटुंबाबरोबर मी एका ठाण्याच्या दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी आम्हांला समजले की त्यांचा माणूस वनविभागाने आदल्याच दिवशी न्यायालयापुढे हजर केला होता. तेव्हापासून मी पहिला प्रश्न गाडीच्या रंगाविषयी आणि तिच्यावरील पाटीविषयी विचारतो.

दारूच्या प्रकरणांतही हाच घोळ होतो. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदी असलेले जिल्हे आहेत, चंद्रपुरातील बंदी २०१५ ते २०२१ या काळात होती, आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खालील कारवाई पोलिसांप्रमाणेच राज्य उत्पादन शुल्क विभागही स्वतंत्रपणे करतो. रेल्वेच्या हद्दीत नेलेल्या माणसाची नोंद रेल्वे पोलिसांकडे किंवा रेल्वे सुरक्षा दलाकडे असते. खुद्द पोलिसांतही, जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचे पथक, ज्याला सर्वजण ‘एलसीबी’ म्हणतात, ते गावात येऊन माणसाला थेट जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊ शकते, आणि त्या वेळी गावच्या ठाणेदाराला त्याची पूर्ण माहिती असेलच असे नाही. गडचिरोलीत पोलीस मदत केंद्र आणि उपपोलीस ठाणे अशी रचना असल्याने, तेथे कोणत्या केंद्राच्या पथकाने नेले हे विचारणे आवश्यक ठरते. गावचा पोलीस पाटील किंवा बीट जमादार यांच्याकडून ही प्राथमिक माहिती सर्वांत लवकर मिळते, आणि ती विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

अटक, प्रतिबंधक कारवाई की केवळ नोटीस

दुसरा प्रश्न असा की त्या माणसाला कायद्याच्या अर्थाने अटक झाली आहे का. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली असून, तिच्या कलम ३५ नुसार, अटकेची गरज नसलेल्या प्रकरणांत पोलीस संशयिताला हजर राहण्याची नोटीस देतात; अशा वेळी अटकेची नोंदच तयार होत नाही. साक्षीदार म्हणून बोलावलेल्याचीही तीच गत असते.

याहून अधिक गोंधळ प्रतिबंधक कारवाईमुळे होतो. पोळा, गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की काही जणांना आधीच ताब्यात घेतले जाते, आणि गावात ‘त्याला एकशे एक्कावन्न लावला’ असे म्हणतात. तो क्रमांक जुन्या संहितेचा आहे. नव्या संहितेत ते कलम १७० आहे, आणि शांतता राखण्याच्या बंधपत्राचे पूर्वीचे कलम १०७ आता १२६ झाले आहे. लोकांच्या आणि काही वेळा कर्मचाऱ्यांच्याही तोंडी जुनेच आकडे असल्याने ऐकलेला क्रमांक कोणत्या कायद्याचा हे लगेच विचारून घ्यावे, नाहीतर ध चा मा होतो. महत्त्वाचा भाग असा की या कारवाईत प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नसतो आणि प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे बहुधा तहसीलदारापुढे चालते. गुन्ह्यांच्या यादीत नाव शोधून सापडले नाही, तर तहसील कार्यालयातील फौजदारी शाखेत विचारावे.

ठाण्यातील फलक आणि नियंत्रण कक्ष

सामान्य नागरिकाला, नातेवाईक नसतानाही, जे पाहण्याचा स्पष्ट अधिकार आहे ते येथे आहे. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा असतो, आणि अटक केलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते व त्यांच्यावरील आरोपाचे स्वरूप ही माहिती ठेवणे ही त्याची जबाबदारी असते. ही माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे, अगदी डिजिटल स्वरूपातही, प्रदर्शित झाली पाहिजे असे तेच कलम सांगते. या तरतुदीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या अकरा निर्देशांत आहे, आणि ठाण्यांच्या भिंतींवर ते निर्देश छापलेला फलक अजूनही दिसतो. निर्देशांचा फलक मात्र असतो आणि नावांचा फलक महिनोन्महिने कोरा असतो, हे मी पाहिले आहे.

ठाण्यात गेल्यावर आधी फलक पाहावा, मग ठाणे अंमलदाराकडे ‘कलम ३७ चे नियुक्त अधिकारी कोण आहेत’ असे विचारावे. ‘अमुक माणसाला का पकडले’ या प्रश्नाने संभाषण सुरू केले की उत्तर देणारा सावध होतो. ‘आजच्या अटकेच्या नोंदीत हे नाव आहे का’ हा प्रश्न त्याला सोपा जातो, कारण त्यात त्याच्यावर आरोप नसतो. उत्तर नकारार्थी आल्यास जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करावा. जिल्ह्यातील सर्व ठाण्यांची माहिती तेथे एकत्र येत असल्याने, एलसीबीने नेलेला किंवा रात्रीपुरता दुसऱ्या ठाण्याच्या कोठडीत ठेवलेला माणूस तेथे सापडण्याची शक्यता अधिक असते. ग्रामीण भागातील प्रत्येक ठाण्यात वापरण्याजोगी कोठडी नसते आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी तर त्याहून कमी ठिकाणी असते, हे ध्यानात ठेवावे. फोन केल्याची वेळ आणि बोलणाऱ्याचे पदनाम वहीत लिहून ठेवावे.

नातेवाईकांचे अधिकार यापेक्षा मोठे आहेत. अटकेचा मेमो कलम ३६ नुसार जागेवरच तयार करावा लागतो, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी असावी लागते. कलम ४८ नुसार अटकेची आणि ठेवलेल्या ठिकाणाची माहिती नातेवाईक, मित्र किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला तत्काळ द्यावी लागते आणि ती दिल्याची नोंद ठाण्यातील वहीत करावी लागते. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. भामरागड किंवा धारणी भागात माडिया वा कोरकू बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ‘समजणाऱ्या भाषेत’ या शब्दांना किती वजन आहे, ते तेथे काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

अपराध क्रमांक मिळवणे

पुढील सर्व शोध एका आकड्यावर चालतो. पुण्या-मुंबईकडे त्याला ‘गु. र. नं.’ म्हणतात, आपल्याकडे कागदांवर ‘अप. क्र.’ म्हणजे अपराध क्रमांक असे लिहिलेले असते, आणि त्यापुढे वर्ष असते. ठाण्याचे नाव, अपराध क्रमांक व वर्ष ही तीन गोष्टी हाती आल्या की नावाच्या स्पेलिंगमुळे होणारे निम्मे घोटाळे टळतात.

हा क्रमांक घरबसल्या मिळण्याचा मार्ग म्हणजे महाराष्ट्र पोलिसांचे नागरिक पोर्टल. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर दिलेल्या आदेशानुसार, प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर टाकायचा असतो. इंटरनेटची अडचण किंवा दुर्गम भाग असल्यास ही मुदत अठ्ठेचाळीस आणि जास्तीत जास्त बहात्तर तासांपर्यंत वाढू शकते. पोर्टलवर प्रकाशित अहवालांच्या विभागात जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा निवडून शोध घ्यावा. मोबाइलवर ते उघडत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणच्या आपले सरकार सेवा केंद्रात जावे. अहवाल उघडल्यावर एक खबरदारी घ्यावी : त्यात आरोपी म्हणून नाव असणे आणि त्या माणसाला अटक झालेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक गुन्ह्यांत नाव असलेल्याला कधीच अटक होत नाही, आणि कित्येकांत अनोळखी आरोपी असे लिहिलेले असताना आठवड्याने अटक होते. सुतावरून स्वर्ग गाठू नये.

लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि दहशतवाद वा बंडखोरी यांविषयीचे अहवाल संकेतस्थळावर टाकले जात नाहीत. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्या तरतुदीचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यानंतर देशभर जे आंदोलन उभे राहिले, त्यातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली आणि ओळख जाहीर करण्यास मनाई करणारे कलम तिच्यातूनच आले. अशा प्रकरणात अहवाल दिसला नाही म्हणून ठाण्याशी वाद घालू नये. अठरा वर्षांखालील मुलाबाबतही हेच लागू आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही.

न्यायालयातील शोध

अटक झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ वगळून, त्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. ही हमी संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसून राहण्यापेक्षा तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जाणे शहाणपणाचे असते. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी हजेरी त्या दिवशीच्या कर्तव्यावरील न्यायाधीशांपुढे होते, आणि ते दुसऱ्या ठिकाणी असू शकतात. न्यायालयाचे कामकाज खुले असते आणि मागच्या बाकावर शांतपणे बसून रिमांडची सुनावणी कोणालाही ऐकता येते, हे अनेकांना ठाऊकच नसते; दारावरच्या शिपायाला नम्रपणे ‘आजचे रिमांड केव्हा आहेत’ असे विचारावे. तेथे पोलीस कोठडी मिळाली की न्यायालयीन कोठडी हे कळते, आणि पुढे कोठे जायचे ते त्यावरच अवलंबून असते. पोलीस कोठडी असेल तर माणूस ठाण्याकडे परततो. न्यायालयीन कोठडी असेल तर जिल्हा कारागृहात किंवा नागपूर अथवा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात जातो, आणि भेटीची व्यवस्था कारागृह प्रशासनाकडे करावी लागते.

ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर पोलीस ठाणे, अपराध क्रमांक व वर्ष टाकून प्रकरण शोधता येते, तसेच पक्षकाराच्या नावानेही शोधता येते. प्रकरणाला मिळालेला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, जो महाराष्ट्रात ‘एमएच’ने सुरू होतो, तो टिपून ठेवला की पुढील तारखा आणि आदेश पाहणे सोपे जाते. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी प्रकरण तेथे सहसा दिसत नाही, मात्र जमानत अर्ज दाखल झाला असेल तर तो स्वतंत्र क्रमांकाने दिसतो आणि त्यातून अटकेची तारीख कळू शकते. प्रमाणित प्रत हवी असल्यास नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला अर्जात कारण द्यावे लागते आणि परवानगी मिळेलच असे नाही. दोषारोपपत्र संकेतस्थळावर शोधण्यात वेळ घालवू नये, कारण ते सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. तपास अधिकाऱ्याची केस डायरी तर आरोपीलाही मागता येत नाही.

चोवीस तास उलटले आणि कोणत्याही ठाण्यात, वनकार्यालयात वा न्यायालयात नोंद नसेल, तर मात्र माहिती मिळवण्याचा हा मार्ग सोडून तातडीने वकिलाकडे जावे. तालुका विधी सेवा समिती तालुका न्यायालयाच्या आवारातच असते, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे, आणि कोठडीतील व्यक्तीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विदर्भातील अकराही जिल्ह्यांसाठी बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे ताब्यातील माणसाला न्यायालयापुढे हजर करावे अशी मागणी करणारी, याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे करता येते.

माहिती अधिकाराचा अर्ज

जुन्या नोंदी, एखाद्या महिन्यातील सर्व अटकांची यादी, किंवा फलक का भरला जात नाही याचा छडा लावायचा असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. त्याचे पदनाम कार्यालयातील फलकावर असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला प्रमाणपत्र जोडल्यास शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा असल्याने मजकूर आटोपशीर ठेवावा. मी सहसा असा मजकूर लिहून देतो : ‘दिनांक अमुक ते अमुक या कालावधीत आपल्या पोलीस ठाण्यात अटक केलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते, अटकेची तारीख व वेळ, अपराध क्रमांक आणि लावलेली कलमे यांबाबत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार ठेवलेल्या नोंदीची छायांकित प्रत मिळावी.’ अटक का केली, ती योग्य होती का, असे प्रश्न अर्जात घालू नयेत. अधिकाऱ्याने अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो, मत द्यायचे नसते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही, आणि काउंटरवर विचारले तरी ते लिहून देऊ नये.

उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, परंतु माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. कोठडीतील माणसाविषयी अर्ज करताना हे वाक्य अर्जाच्या अगदी वर, अधोरेखित करून लिहावे आणि अर्ज डाकेने न पाठवता प्रत्यक्ष देऊन पोच घ्यावी. नकार येतो तो बहुधा कलम ८(१)(ज) किंवा ८(१)(ञ) या नावाने, म्हणजे तपासात अडथळा किंवा व्यक्तिगत माहिती या कारणाने. कायद्याच्या मराठी प्रतींत उपखंडांची अक्षरे वेगवेगळी छापलेली असल्याने अक्षरापेक्षा कारण वाचावे. व्यक्तिगत माहितीचे कलम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अधिक कडक केले आहे. तपासाच्या कारणाबाबत मात्र दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा निर्णय हाताशी ठेवावा. तपास चालू आहे एवढ्यानेच नकार देता येत नाही, माहितीने तो कसा अडेल हे दाखवावे लागते, असे त्यात म्हटले आहे. आणि जी माहिती कायद्यानेच फलकावर लावायची आहे ती व्यक्तिगत कशी, हा मुद्दा पहिल्या अपिलात मांडावा. पहिले अपील तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह करावे. दुसरे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे जाते, आणि तेथे प्रतीक्षा लांबते.

स्वतःच्या नावावरील जुनी नोंद

पोलीस भरती, कोतवाल पद किंवा कंपनीतील सुरक्षारक्षकाची नोकरी यांसाठी चारित्र्य पडताळणी मागतात तेव्हा अनेकांना वीस वर्षांपूर्वीची एखादी अटक आठवते. अशा वेळी दडवून ठेवू नये, कारण अर्जातील खोटे विधान हेच पुढे मोठे कारण ठरते. ज्या न्यायालयात प्रकरण चालले तेथील निर्दोष मुक्ततेच्या निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवावी आणि पडताळणीच्या अर्जाबरोबर ठाण्यात देऊन पोच घ्यावी, कारण ठाण्याच्या नोंदवहीत अटक लिहिलेली असते आणि पुढचा निकाल तेथे चढवलेला असतोच असे नाही. निकाल जुना असेल तर मूळ कागद जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात गेलेले असतात. तेथे शोधासाठी प्रकरण क्रमांक लागतो, आणि तो हरवला असल्यास त्या वेळच्या वकिलाच्या कारकुनाकडे विचारावे.